नवरा सिगारेट सोडतोय, नवव्या दिवशी परत ओढली, आता घरच्यांनी काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा ४२ वर्षांचा, गेली २० वर्षं सिगारेट, दिवसाला १५ च्या आसपास. सोडायची ही तिसरी वेळ. यावेळी कुठलंही औषध न घेता आठ दिवस नीट गेले, नवव्या दिवशी संध्याकाळी जॅकेटला वास आला, ताईंनी विचारलं तर "नाही" म्हणाला, मग त्यांनी खिसे तपासले, लायटर सापडला आणि जोरदार भांडण झालं. आता तीन दिवस दोघांत धड बोलणं नाही. "मी गप्प बसू की मागे लागू? मागच्या दोन वेळी दोन्ही करून बघितलंय."

ताई, मी १७ वर्षं तंबाखू-सिगारेट सोडवायच्या कामात आहे, रोज समोर कोणीतरी असंच बसलेलं असतं, कधी ओढणारा, कधी त्याची बायको, कधी आई. आधी एक सांगते म्हणजे तुमचा जीव जरा भांड्यात पडेल. औषध नाही, सल्ला नाही, नुसत्या मनाच्या जोरावर सोडणाऱ्यांपैकी वर्षभर टिकणारे १०० मध्ये ३ ते ५ असतात आणि जे घसरतात त्यातले बहुतेक पहिल्या आठ दिवसांतच घसरतात. त्यामुळे तो घसरला यात नवल काहीच नाही, आठ दिवस टिकला याचं मात्र आहे, आणि ते घरात कोणी त्याला बोलून दाखवलं का? माझा अंदाज, नाही. कारण नवव्या दिवशी सगळं लक्ष त्या जॅकेटवर गेलं.

आणि तुम्हाला राग सिगारेटचा कमी आणि खोटं बोलल्याचा जास्त आलाय, बरोबर ना? तो येणारच. पण त्या खोट्याबद्दलच जरा बोलू, कारण माझ्या मते सगळी गोम तिथे आहे.

माझ्याकडे एक जोडपं यायचं, बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. बायको रोज संध्याकाळी दारात त्याच्या हातातून बॅग घ्यायची, दिसायला प्रेमळ, पण खरं कारण वेगळं होतं, बॅग घेता घेता त्याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांचा वास घ्यायची. त्याला हे दोन-तीन दिवसांत कळलं. मग त्याने काय करावं? कागदांना लावतो ना आपण ती मोठी क्लिप, त्यात सिगारेट धरून ओढायला लागला, बोटांना वास लागू नये म्हणून! वर माउथवॉशची छोटी बाटली, एक जादा शर्ट ऑफिसच्या कपाटात. हे त्याने मला स्वतः सांगितलं, जरा अभिमानानेच. म्हणजे माणसाकडे डोकं होतं, चिकाटी होती, प्लॅनिंग होतं, आणि ते सगळं सिगारेट सोडण्यात न जाता बायकोला कळू न देण्यात चाललं होतं. घरात एक पोलीस उभा राहिला की चोर आपोआप तयार होतो, मग तो चोर ४२ वर्षांचा असो नाहीतर १५ चा.

म्हणून "गप्प बसू की मागे लागू" यातलं मी एकही निवडणार नाही. तुमचं काम त्याची सिगारेट सोडवणं हे नाहीच. तुमचं काम एवढंच की त्याने ओढली तर ते तुम्हाला येऊन सांगता यावं, खोटं बोलायची गरज पडू नये. ऐकायला सोपं वाटतं पण करताना जिभेवर फार ताबा लागतो हो. मीसुद्धा सुरुवातीची तीन-चार वर्षं पेशंटना झापायचे, "एवढं समजावलं तरी?" वगैरे, आणि मला वाटायचं माझे पेशंट छान सुधारतायत, नंतर लक्षात आलं की सुधारलेलेच तेवढे परत यायचे, बाकीचे माझ्या भीतीने यायचेच बंद झाले होते.

हे फक्त माझं मत आहे असं नाही. शेल्डन कोहेन आणि एडवर्ड लिक्टेनस्टाइन या दोघांनी १९९० साली याच विषयावर अभ्यास केला होता, जोडीदार काय काय करतो आणि त्याचा सोडण्याशी काय संबंध लागतो असा. त्यात नुसती मदत किती केली यापेक्षा मदतीचं आणि टोचून बोलण्याचं गुणोत्तर जास्त महत्त्वाचं दिसलं. म्हणजे चार वेळा कौतुक आणि चार वेळा टोमणा, तर हिशोब शून्यावर येतो. आणि दुसरी बाजूही सांगून टाकते, घरच्यांना खास ट्रेनिंग देऊन सोडणाऱ्यांची संख्या वाढते का हे नंतर बऱ्याच प्रयोगांत बघितलं गेलं, त्यात ठळक फायदा काही दिसला नाही. काहींना हे वाचून वाईट वाटतं, मला उलट बरं वाटतं, कारण याचा अर्थ तो घसरला तर दोष तुमचा नाही. तुम्ही कितीही गुणी बायको असलात तरी निकोटिनचं काम तुमच्या हातात नाही.

आता ते निकोटिन करतं काय ते बघा, हे कळलं की निम्मा राग आपोआप उतरतो. झुरका घेतला की दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोचतं. एका सिगारेटचे साधारण दहा झुरके धरले तर १५ सिगारेटचे दिवसाला दीडशे, आणि २० वर्षांचा गुणाकार केला तर आकडा दहा लाखांच्या वर जातो. दहा लाख वेळा मेंदूला शिकवलंय की कंटाळा आला, झुरका, बॉसने झापलं, झुरका, जेवण झालं, झुरका, काम फत्ते झालं, तरी झुरका. मेंदूत निकोटिन पकडणारे जे रिसेप्टर असतात त्यांची संख्यासुद्धा ओढणाऱ्यांमध्ये वाढलेली असते. रक्तातलं निकोटिन दर दोनेक तासांनी निम्मं होतं, म्हणून तर सकाळी उठल्या उठल्या पहिली लागते, रात्रभरात टाकी रिकामी झालेली असते.

सोडल्यावर काही तासांतच त्रास सुरू होतो, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो आणि मग हळूहळू उतरत तीन-चार आठवड्यांत बहुतेकांचा बराच कमी होतो. चिडचिड, अस्वस्थपणा, झोपेचे वांधे, कशात लक्ष न लागणं, भूक वाढणं, बद्धकोष्ठ, कोणाला तोंड येतं. खोकला तर काहींचा आधी वाढतो आणि लोक घाबरतात, "ओढत होतो तेव्हा बरा होतो" म्हणतात, अहो श्वासनळीतले बारीक केस परत हलायला लागतात आणि साचलेला कफ वर ढकलतात, चांगली खूण आहे ती.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. सिगारेटच्या धुरामुळे लिव्हर कॅफिनचा निकाल भराभर लावत असतं, धूर बंद झाला की तीच चहा-कॉफी अंगात जास्त वेळ राहते, काहींच्या रक्तात कॅफिन जवळजवळ दुप्पट होतं. मग हात थरथरणं, धडधड, रात्री टक्क जागं, आणि हे सगळं सिगारेट सुटल्यामुळे होतंय असं समजून माणूस परत ओढतो. त्याच्या चहा-कॉफीचे कप निम्मे करायला सांगा, दुपारनंतर तर नकोच. याच कारणामुळे काही औषधांचे डोसही बघावे लागतात, विशेषतः मानसिक आजाराची काही औषधं आणि दम्याचं थिओफिलिन, आणि डायबेटिस असेल तर इन्सुलिनची गरजही बदलू शकते. तसं काही चालू असेल तर त्याने सिगारेट सोडल्याचं डॉक्टरांना सांगायलाच हवं.

बरं, आता औषधांचं. आठ दिवस तो नुसत्या दातओठ खाण्यावर राहिला. दिवसाला १५ ओढणाऱ्या माणसाला मी असं कोरडं सोडायला कधीच सांगत नाही, विशेषतः सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली पेटत असेल तर. तेवढा एक प्रश्न त्याला विचारा, अर्ध्या तासाच्या आत का नंतर, कारण निकोटिन गम २ मिलिग्रॅमची घ्यायची की ४ ची हे बरंचसं त्यावर ठरतं.

गम वापरायची कशी हे दहातल्या आठ जणांना माहीत नसतं (हा आकडा माझ्या खोलीतला आहे, अभ्यासातला नाही). नेहमीच्या च्युइंगगमसारखी कचाकचा चावतात, सगळं निकोटिन लाळेतून पोटात जातं, उचक्या लागतात, जळजळ होते आणि "मला सूट होत नाही" म्हणून पाकीट ड्रॉवरमध्ये जातं ते जातंच. पद्धत अशी: सावकाश चार-सहा वेळा चावायची, झणझणलं किंवा तिखटसर लागलं की थांबायचं, गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायची, झणझण ओसरली की परत दोन-चार वेळा चावायची, जागा बदलायची, असं साधारण अर्धा तास. आणि गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असेपर्यंत कॉफी, ज्यूस, कोल्ड्रिंक काही नाही, आंबट पेयांमुळे निकोटिन तोंडातून नीट शोषलंच जात नाही.

पॅच म्हणजे कातडीवर चिकटवायची निकोटिनची पट्टी, त्याचं काम वेगळं, तो दिवसभर थोडं थोडं निकोटिन देत राहतो. दिवसाला दहापेक्षा जास्त ओढणाऱ्यांना सहसा २१ मिलिग्रॅमपासून सुरू करतात, मग १४, मग ७. रोज जागा बदलून लावायचा नाहीतर कातडी लाल होते, आणि रात्री भलती स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवायचा. पॅच आणि त्याच्या जोडीला अचानक तलफ आली तर गम, असं दोन्ही मिळून एकट्या कशाहीपेक्षा चांगलं चालतं हे बऱ्याच अभ्यासांतून दिसलंय. मधे एक सिगारेट ओढली गेली म्हणून पॅच काढून फेकू नये, हे ठळक लक्षात ठेवा, कारण नवव्या दिवशी लोक नेमकं हेच करतात.

व्हॅरेनिक्लिन आणि बुप्रोपिऑन ही गोळ्यांची औषधं डॉक्टरांनी लिहून द्यायची, आपल्या मनाने नाही, फिट्स येत असतील तर बुप्रोपिऑन चालत नाही. व्हॅरेनिक्लिनने मळमळतं, म्हणून भरल्या पोटी आणि ग्लासभर पाण्याबरोबर घ्यायची, सोडायच्या तारखेच्या आठवडाभर आधी सुरू करायची आणि साधारण १२ आठवडे चालवायची. "त्या गोळीने डोक्यावर परिणाम होतो" असं कोणीतरी सांगेलच, २०१६ साली आठ हजारांच्या वर लोकांवर झालेल्या मोठ्या चाचणीत तसे त्रास औषध नसलेल्या खोट्या गोळीच्या तुलनेत ठळकपणे वाढलेले दिसले नाहीत. तरी मूड फारच बदलला तर डॉक्टरांना लगेच फोन करायचा, हे कुठल्याही औषधाला लागू आहे.

आता परत तुमच्या तीन दिवसांच्या अबोल्याकडे येते. एक सिगारेट ओढणं आणि परत सिगारेटी सुरू होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मधे एक दरी असते आणि माणूस तिच्यात सिगारेटमुळे कमी आणि "आता काय, गेलंच सगळं" या विचाराने जास्त पडतो. घरातून त्याच वेळी "मला माहीतच होतं, तुझ्याच्याने होणार नाही" असं ऐकू आलं की मग त्याला पाकीट विकत घ्यायला परवानगीच मिळाल्यासारखी होते. तुम्ही असं म्हणालात की नाही मला माहीत नाही, पण मागच्या दोन वेळच्या अनुभवाने तोंडात येतंच ते, आलं असेल तर आलं.

त्याच्याशी बोलायला बसाल तेव्हा सुरुवात लायटरपासून नको, स्वतःपासून करा. "मी तुझे खिसे तपासले, ते मला करायला नको होतं. मला ओढल्याचा एवढा राग नव्हता, तू सांगितलं नाहीस त्याचा आला." बस्स, इथे थांबा. पुढचं वाक्य त्याला शोधू द्या, मिनिटभर शांतता झाली तरी भरू नका, हे सगळ्यात अवघड आहे, मला अजूनही घड्याळाकडे बघावं लागतं.

तो बोलला तर त्या नवव्या दिवसाची चौकशी करायची, पण चौकशी म्हणजे उलटतपासणी नाही हो. किती वाजता, कोण बरोबर होतं, त्याच्या आधी काय झालं होतं, भूक लागली होती का, आदल्या रात्री झोप झाली होती का. बहुतेक वेळा यातून काहीतरी अगदी साधं निघतं. एक गृहस्थ दर वेळी दुसऱ्या आठवड्यात घसरायचे, आम्ही दोघंही मनोबल, ताणतणाव वगैरे मोठमोठं बोलत बसलो आणि शेवटी कारण निघालं ते असं, की दर पंधरवड्याला एका मीटिंगनंतर सगळे खाली उतरायचे आणि हे एकटे वर काय करणार म्हणून तेही उतरायचे. त्यांनी मीटिंग संपली की त्याच वेळी बायकोला फोन लावायचा असं ठरवलं. पाच मिनिटांचा फोन, विषय काहीही, फक्त सिगारेट सोडून. तलफ तशीही काही मिनिटांचीच असते, लाटेसारखी चढते आणि ओढली नाही तरी उतरतेच, तेवढा वेळ कोणीतरी दुसरीकडे नेलं की झालं. अशा मदतीला मी मदत म्हणते, दिवसातून चार वेळा "ओढली नाहीस ना?" विचारण्याला नाही. तो प्रश्न विचारला की ज्याला तासभर आठवणही आली नव्हती त्यालाही आठवते.

तुम्ही काय करावं हे मी सांगण्यापेक्षा त्यालाच विचारा, कारण माणसागणिक हे बदलतं. कोणाला रोज "आज अकरावा दिवस" असं ऐकायला आवडतं, कोणाला त्याच मोजणीने गुदमरायला होतं. नातेवाइकांच्या ग्रुपवर मात्र जाहीर करू नका, तो स्वतः करत असेल तर गोष्ट वेगळी. मुलांना "बाबांना सांग सिगारेट ओढू नको" म्हणून पुढे करू नका, मला ते अजिबात पटत नाही, घसरला की मग मुलांपासूनही लपवायला लागतो. फुफ्फुसांचे काळे फोटोही नकोत, पाकिटावरचे इशारे वर्षानुवर्षं बघतोय तो.

याचा अर्थ सगळं सहन करायचं असा नाही. घरात आणि गाडीत सिगारेट पेटणार नाही, हा नियम तुम्ही ठामपणे ठेवू शकता, तो सोडो न सोडो, कारण तो धूर तुमच्या आणि मुलांच्या छातीत जातो. चिडचिड पहिले काही आठवडे समजून घ्यायची, पण अपमान, आरडाओरडा, वस्तू फेकणं हे निकोटिनच्या नावावर खपवून घ्यायचं नाही. तो तणतणायला लागला की "मी अर्ध्या तासाने येते" म्हणून सरळ दुसऱ्या खोलीत जा. आणि चिडचिड नसून नुसता उदास, गप्प, कशातच रस नाही असं दोन आठवड्यांच्या वर चाललं, किंवा जगण्यात अर्थ नाही असं काही बोलला, तर वाट न बघता डॉक्टर. एरवी सोडून काही आठवडे गेलेल्यांचं मन ओढत राहणाऱ्यांपेक्षा बरंच शांत होतं, सिगारेटने टेन्शन जातं असं वाटतं पण त्यातलं बरंचसं टेन्शन आधीच्या सिगारेटनेच दिलेलं असतं.

वजनाचं आधीच सांगून ठेवते, वर्षभरात सरासरी चार-पाच किलो वाढतं. वाढू दे. पहिल्या दोन महिन्यांत डाएट सुरू करून देऊ नका त्याला, एका वेळी एकच लढाई, आणि पोटावरून चेष्टा तर मुळीच नको. बैठकीत दारू असेल तर पहिले एक-दोन महिने अशा बैठका टाळलेल्या बऱ्या, तिथे भलेभले घसरतात. आणि तीन-चार महिन्यांनी, सगळं सुरळीत असताना एखाद्या दिवशी अचानक जोरदार तलफ येईल, तेव्हा दोघांनीही दचकू नका.

त्याने कधी विचारलं की आता ४२ व्या वर्षी सोडून फायदा काय, तर उत्तर तयार असू द्या. ब्रिटनमधल्या डॉक्टरांचा १९५१ पासून पन्नास वर्षं पाठपुरावा केलेला रिचर्ड डॉल आणि रिचर्ड पेटो यांचा अभ्यास आहे, त्यात चाळिशीच्या सुमाराला सोडणाऱ्यांना साधारण ९ वर्षांचं आयुष्य परत मिळालेलं दिसलं, पन्नाशीत सोडणाऱ्यांना ६. पण त्याने विचारलं तरच सांगा, आपणहून नको.

सोडायची नवी तारीख त्याला ठरवू दे, शक्यतो पुढच्या पंधरा दिवसांतली, त्याआधी डॉक्टरांना भेटून गम-पॅच किंवा गोळीचं ठरू दे, तुम्ही बरोबर जायचं का तेही त्यालाच विचारा. आणि ते जॅकेट अजून तसंच लटकत असेल ना? आज धुवायला टाका. फक्त आधी त्याच्या हातात द्या, खिसे त्याचे त्याला रिकामे करू दे, आणि तो करत असताना तुम्ही तिथे थांबू नका.